वास येतो का?

पहिला दिवस सोडला, तर मालनबाई माझ्या दुकानाच्या पायऱ्या कधी चढल्या नाहीत. जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत माझं औषधांचं दुकान आहे. तीन पायऱ्या आहेत. गिऱ्हाईक वर येतं, काउंटरवर कोपर टेकवतं, चिठ्ठी देतं, जरा बोलतं. मालनबाई खालीच उभ्या राहायच्या. रिकामी बाटली वरच्या पायरीवर ठेवून दोन पावलं मागे सरकायच्या, आणि मी बाटली उचलून आत गेलो की मगच नाकावरचा पदर खाली घ्यायच्या.

यात दोष माझा आहे, तो आधी सांगून टाकतो. १९८४ साली त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा सरळ काउंटरपर्यंत आल्या होत्या. हातात सरकारी दवाखान्याची चिठ्ठी. ग्लिसरीनमध्ये ग्लुकोज मिसळून नाकात टाकायचे थेंब बनवायचे होते. असं औषध तयार मिळत नाही, दुकानदारालाच करून द्यावं लागतं. मी चिठ्ठी वाचत होतो आणि वास आला. कपाटामागे उंदीर मरून दोन दिवस झाले की येतो तसा. दुकान नवं, मी सव्वीस वर्षांचा. मी खरोखरच वाकून कपाटाखाली पाहिलं. वर आलो तेव्हा कळलं, वास कुठून येतोय ते.

मी देवाच्या फोटोपुढची उदबत्ती पेटवली. सकाळची पूजा कधीच आटोपली होती. बाईंनी उदबत्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पायऱ्या उतरून खाली जाऊन उभ्या राहिल्या. वय असेल बाविसाच्या आसपास.

त्यांची हकीकत मला पुढच्या वीस वर्षांत तुकड्यातुकड्यानं कळली. थोडी त्यांनी सांगितली, थोडी त्यांच्या घरमालकीण गोजरबाईंनी.

माहेर घनसावंगीकडचं. वडील रखमाजी, घरची थोडी कपाशी, थोडा ऊस. आई लहानपणीच गेलेली. १९८१च्या उन्हाळ्यात मालनचं लग्न झालं आणि ती अंबडजवळच्या एका गावात नांदायला गेली. नवरा वसंता शेतकरी, स्वभावानं गरीब. पहिलं वर्ष चांगलं गेलं, असं त्या नेहमी म्हणायच्या. वसंतानं अंबडच्या बाजारातून बांगड्या आणल्या होत्या, हेही सांगायच्या.

मग सर्दी लागली ती हटेना. नाक चोंदायचं, कपाळ ठणकायचं, शिंकरलं की हिरव्या-काळ्या खपल्या पडायच्या, कधी रक्त. घरच्यांना वाटलं, पाणी मानवत नसेल. त्यातच एक दिवस चुलीवर दूध करपून भांडं काळं झालं आणि मालन तिथेच शेजारी भाकरी थापत बसलेली होती.

"नाक हाय का भोक हाय तुला?" सासू साळूबाई ओरडल्या.

मालनला तेव्हा पहिल्यांदा उमगलं की आपल्याला करपल्याचा वास आलाच नाही. मग आठवलं, कितीतरी दिवसांत फोडणीचाही आला नव्हता. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. नव्या सुनेनं काय सांगायचं?

त्या हिवाळ्यात वसंता ओसरीवर झोपायला लागला. तिनं विचारलं, तर म्हणाला, "आत उकडून राह्यलं." पौष महिना होता.

विहिरीवर बायका तिला आधी पाणी भरू द्यायच्या आणि स्वतः लांब उभ्या राहायच्या. तिला वाटलं, मान देतात. पंगतीत तिच्या शेजारचा पाट रिकामा राहायचा. जावा तिच्याशी बोलताना तोंड फिरवायच्या. वर्ष उलटून गेलं तरी पोटी मूल नाही, म्हणून हे सगळं असावं, असा तिनं अर्थ लावला. मंगळवार धरले, कुणी सांगितलं त्या देवाला नारळ फोडले. मूल झालं की सगळं बराबर होईल, हे ती स्वतःलाच सांगत राहिली. आणि नवरा तर ओसरीवर.

खरं काय ते तिला पाच वर्षांच्या पुतणीनं सांगितलं. मालन तिची वेणी घालत होती. पोरगी मान मागे वळवून म्हणाली, "काकू, तुझ्या नाकात उंदीर मेलाय का गं?"

साळूबाईंनी धावत येऊन पोरीच्या थोबाडीत मारली. त्या थपडेनं मालनला सगळं कळलं. पोरगी खोटं बोलली असती तर सगळे हसले असते.

"मी आत गेले, भाऊ," त्या मला एकदा म्हणाल्या. "लुगडं नाकाला लावलं. हात लावले. उशी लावली. कायबी न्हाई. बिलकुल कायबी न्हाई. घरभर घाण सुटली म्हणत्यात आन् जिची हाय तिलाच ठाव न्हाई."

चार दिवसांसाठी म्हणून तिला माहेरी धाडलं. न्यायला कुणी आलं नाही.

माहेरी भाऊ-भावजयीचा संसार. गोठ्याला लागून एक खोली होती, ती तिला दिली. कुणी वेखंडाची पूड ओढायला लावली, कुणी कसलासा धूर दिला. १९८३च्या भादव्यात माश्यांचा सुकाळ झाला तेव्हा तिचं डोकं असं दुखायला लागलं की ती भिंतीवर कपाळ आपटायची. नाकातून रक्त थांबेना. आत काहीतरी वळवळतंय, म्हणायची. भावजयीला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मग एका सकाळी उशीवर किडे दिसले.

रखमाजींनी त्याच घडीला तिला उठवलं. जालन्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसवलं. जीप थोडी पुढे गेली आणि बाकीचे प्रवासी ओरडू लागले. जीपवाल्यानं दोघांना रस्त्यातच उतरवलं. बाप-लेक बाभळीखाली बसून राहिले. दुपारी एसटी आली. कंडक्टरनं नाकाला रुमाल लावला, पण शेवटच्या बाकावर जागा दिली.

सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी टर्पेंटाइनचे थेंब टाकून चार दिवस चिमट्यानं एकेक किडा बाहेर काढला. तोंड न फिरवता. पाचव्या दिवशी खाटेवर बसून त्यांनी बाप-लेकीला समजावलं. नाकाच्या आतलं अस्तर सुकत जातं, झिजतं. पोकळी रुंद होते. ओल राहत नाही म्हणून खपल्या साचतात, त्या कुजतात. वास घेणाऱ्या शिरा मरतात. आयुर्वेदात याला पीनस म्हणतात, आम्ही अ‍ॅट्रॉफिक रायनायटिस म्हणतो.

"घाणेरडं राहिल्यानं होत नाही हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुझी यात काही चूक नाही. मुळासकट जाईल असं मी सांगत नाही, पण आवरता येतं. रोज नाक धुवायचं. दिवसातून तीनदा. आज धुतलं, उद्या राहू दिलं, असं चालणार नाही."

आणि मग म्हणाल्या, "तुला स्वतःला कधी कळणार नाही, आज वास आहे की नाही. म्हणून एक माणूस धरून ठेव, जो तुला खरं सांगेल."

रखमाजी गावी परत घेऊन गेले नाहीत. दर आठवड्याला दवाखान्यात दाखवायचं होतं, आणि गावात काय वाट्याला येणार तेही त्यांना दिसत होतं. विधवा गोजरबाई त्यांच्याच गावची, ती जुन्या जालन्यात आमच्या गल्लीत राहत होती. तिच्या घरात अंगणाकडची एक खोली होती. रखमाजींनी लेकीला तिथं ठेवलं, शिलाईचं जुनं यंत्र आणून दिलं. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या तेव्हा वाढत होत्या. बियाणं भरायला कापडी पिशव्या लागायच्या. कापलेलं कापड घरी आणायचं, पिशव्या शिवून द्यायच्या. चार बायकांत बसावं लागत नव्हतं. दोन वर्षांनी रखमाजी वारले. त्यानंतर माहेरचं कुणी फारसं आलं नाही.

नाक धुणं म्हणजे पाणी शिंपडणं नव्हे. खाण्याचा सोडा, टाकणखार आणि मीठ मी मापानं मिसळून पुड्या करून द्यायचो. कोमट पाण्यात पुडी विरघळवायची, मोठ्या पिचकारीत भरायची, मोरीवर वाकायचं आणि एका नाकपुडीतून पाणी सोडायचं. दुसरीकडून खपल्यांसकट बाहेर येईस्तोवर. पाणी कानाकडे जाऊ नये म्हणून तोंड उघडं ठेवून सारखं 'क, क, क' म्हणत राहायचं. सकाळी सहाला गल्लीत हा आवाज सुरू व्हायचा; माझं घर दुकानाच्या मागेच, मलाही ऐकू यायचा. नंतर डोकं मागे टाकून माझे थेंब. गल्लीतली पोरं शाळेत जाताना खिडकीखाली 'क, क, क' करून पळायची. त्या त्यांना रागावल्याचं कुणी ऐकलं नाही.

धुणं झालं की गोजरबाई दाराशी यायच्या. फटकळ बाई. जवळ जाऊन नाकानं लांब श्वास घ्यायच्या आणि निकाल द्यायच्या.

"आज बराबर हाय. जा कुठं जायचं तिथं."

नाहीतर, "डबल धू. हाय अजून."

त्यात लाडही नसायचा आणि किळसही नसायची, जशी भाताची शितं दाबून पाहावीत. दहा वर्षं हे चाललं. मालनबाईंना त्या घरात दुसरं काही मागायचं नव्हतं.

१९८५ साली एक माणूस माझ्या दुकानात आला आणि मालनबाईंचं घर विचारू लागला. हातात कागद होते. त्या नेमक्या बाटली घ्यायला आल्या होत्या, खाली उभ्या होत्या. दोघांनी एकमेकांना पाहिलं. तो वसंता. अंबडच्या कोर्टात सोडचिठ्ठीचे कागद घालायचे होते, त्यावर सही पाहिजे होती. दुसरं लग्न ठरलं होतं.

माझ्याच काउंटरवरचा पेन त्यांनी मागितला. पायरीवर कागद ठेवून सही केली. तो कागद घ्यायला वाकला, अगदी जवळ आला, आणि तसाच थांबला.

"आता तर वास येत न्हाई की," तो म्हणाला.

"औषध चालू हाय."

"मंग आधीच का न्हाई केलं?"

"आधी कुणी सांगितलं व्हतं?" मालनबाई म्हणाल्या. "तुम्ही तर उकडून राह्यलं म्हणाल्ते."

तो बराच वेळ कागदाची घडी घालत होता. मग गेला. मालनबाईंनी पेन पायरीवर ठेवला, बाटली घेतली आणि त्याही गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आवाज नेहमीसारखाच सुरू झाला.

मधे एकदा औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना शस्त्रक्रिया सुचवली होती. नाकपुड्या टाके घालून काही वर्षं बंद करायच्या, श्वास तोंडानं घ्यायचा, आत ओल राहते, अस्तर सुधारतं. त्या मला विचारायला आल्या. मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाक तर गेलंच हाय, भाऊ. आता तोंड उघडं टाकून कशाला हिंडू?" आणि विषय संपला.

१९९४च्या दिवाळीनंतर गोजरबाई वारल्या. दोन दिवसांचा ताप, बस. त्यांच्या मुलानं परभणीहून येऊन दिवस केले. खोली राहू दिली, भाडं पाठवत जा म्हणाला, आणि घराला कुलूप लावून गेला. आता त्या अंगणात मालनबाई एकट्याच.

महिनाभरानं त्या दुकानाशी आल्या. बाटली ठेवली, पण मागे सरकल्या नाहीत.

"भाऊ, एक विचारू?"

"विचारा की."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. गल्लीत कुणी नव्हतं. मग पदर खाली केला आणि एक पायरी जवळ आल्यासारख्या वाकल्या. "वास येतो का?"

येत होता. थंडीत खपल्या जास्त धरतात. फार नव्हता, पण होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. दहा वर्षांत त्यांनी माझ्याकडे औषधाशिवाय काही मागितलं नव्हतं. मला ते उच्चारायला जीभ वळेना.

"छे हो," मी म्हणालो. "काहीच नाही."

"बराबर?"

"बराबर."

त्या हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उदबत्ती लावली त्या दिवशीपेक्षा मोठी चूक आपण करतोय, हे मला कळलं नाही.

पाचव्या दिवशी भर दुपारी त्या आल्या. बाटली नव्हती.

"भाचीच्या लग्नाला गेल्ते," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "भावानं पत्रिका धाडली व्हती. जावं का न्हाई, आठ दिवस इचार केला. तुम्हाला विचारलं आन् मंग गेले. हळद चालली व्हती. मी म्हटलं, आता काय भ्यायचं? पुढं जाऊन बसले. पोरीला हळद लावली. तिनं मान फिरवली, भाऊ. नवरीनं. मंग एकेक बाई उठली. भावजय म्हणली, आत्या, तुम्ही मागं बसा, तिकडं वारं हाय. ताट मागं गोठ्यापाशी आणून दिलं."

मी हातातली चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

"गावातलं कुणी फसवलं असतं तर मला ठाव व्हतं. तुमच्या शब्दावर गेल्ते मी."

"मालनबाई, मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल..."

"वाईट वाटू द्यायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "हितंच. तुमच्यापुढं. दोनशे माणसांत कशाला?"

आणि त्या निघून गेल्या.

दीड महिना त्या आल्या नाहीत. सकाळचा आवाजही कधी यायचा, कधी नाही. मी रोज ठरवायचो, रोज राहून जायचं. शेवटी एका सकाळी थेंबांची बाटली आणि पुड्या घेऊन मीच गेलो. अंगणाचं दार उघडं होतं. त्या यंत्रापुढे बसल्या होत्या, पिशव्यांचा ढीग शेजारी. मला पाहून उठल्या नाहीत. मी बाटली ठेवली, जवळ गेलो, गोजरबाई घ्यायच्या तसा लांब श्वास घेतला. शिक्षण औषधांचं, पण इतकं अवघड काम मी त्याआधी केलं नव्हतं.

"आहे," मी म्हणालो. "बराच आहे. डाव्या बाजूनं जास्त वाटतोय."

त्यांनी यंत्राचं चाक हातानं थांबवलं. मग उठून पातेल्यात पाणी तापत ठेवलं.

त्या दिवसापासून आमचं ठरून गेलं, कुणी ठरवलं नाही तरी. सकाळी नऊला मी दुकान उघडायचो, त्या पिशव्यांचं गाठोडं घेऊन जाताना खाली क्षणभर थांबायच्या. मी दोन पायऱ्या उतरायचो. "आहे" किंवा "नाही." एवढंच. "आहे" म्हटलं की त्या परत फिरायच्या, अर्ध्या तासानं पुन्हा यायच्या. शेजारच्या कापडवाल्यानं एकदा विचारलं, हे रोज काय चालतं? मी म्हटलं, औषधाचं आहे. एरवी आम्ही फारसं बोलत नव्हतो. त्यांनी माझ्या मुलांची नावं विचारली नाहीत, मी त्यांना जेवला का विचारलं नाही. पण दिवाळीत मी चार दिवस सासुरवाडीला गेलो, तर त्या चार दिवस घराबाहेर पडल्या नाहीत, हे मला नंतर समजलं.

२००० सालानंतर "आहे" म्हणायची पाळी कमी कमी होत गेली. या आजाराचं असं होतं, चाळिशीकडे कधीकधी तो आपोआप विझत जातो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, खपल्या नाहीत, थेंब बंद करा, पाण्यानं धूत राहा. सबंध वर्षभर मी रोज "नाही" म्हटलं. मग एका सकाळी त्या थांबल्याच नाहीत. गाठोडं घेऊन पुढे निघाल्या. मी पायऱ्या उतरून तसाच उभा. त्यांनी वळून हात हलवला, "आता न्हाई विचारत, भाऊ. तुमचाबी टाइम जातो."

चांगलीच गोष्ट होती. तरी पुढचे काही दिवस नऊ वाजले की मला चुकल्यासारखं व्हायचं.

आता त्यांना कुणात जायला हरकत नव्हती. पण कुणात जाणार? गल्लीतल्या जुन्या बायका त्यांना पाहून सवयीनं बाजूला व्हायच्या, नव्या बायकांना त्या ओळखत नव्हत्या. हळदीकुंकवाला बोलावणं आलं तर त्या दारातूनच वाण घेऊन परत यायच्या. कापडी पिशव्या बंद होऊन प्लास्टिकची पाकिटं आली, तेव्हा त्यांनी शाळेच्या पोरींचे गणवेश शिवायला घेतले. मापं घ्यायला पोरी घरी यायच्या. त्या हात लांबवून, मान पलीकडे वळवून मापं घ्यायच्या.

२००५ साली माझ्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका द्यायला मी आणि बायको दोघं गेलो. त्या आल्या, नवं लुगडं नेसून आल्या. माझ्या बायकोनं त्यांचा हात धरला आणि बायकांच्या भर पंगतीत मधोमध बसवलं. मी वाढणाऱ्यांच्या मागे फिरत होतो, पण लक्ष तिकडे होतं. उजवीकडची बाई त्यांच्याकडे झुकून काही सांगत होती. डावीकडचीनं आपलं झोपलेलं तान्हं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि जेवायला लागली. कुणी तोंड फिरवलं नाही. मालनबाई ताठ बसल्या होत्या. श्वास रोखल्यासारख्या. एक हात तान्ह्याखाली, दुसरा ताटात तसाच.

थोड्या वेळानं पाहिलं तर त्यांची जागा रिकामी होती. ताटात सगळं तसंच.

त्या मंगल कार्यालयाच्या फाटकाशी चपला शोधत होत्या. मी धावत गेलो.

"काय झालं? कुणी काही बोललं का?"

"न्हाई हो, भाऊ. लई चांगल्या बायका हायत. लेकरू बी गोड व्हतं."

"मग जेवण टाकून?"

चपला पायात सरकवून त्या उभ्या राहिल्या. उन्हात डोळे बारीक केलेले.

"माणूस इतकं जवळ बसलं की घास उतरत न्हाई मला," त्या म्हणाल्या. "कळतंय सगळं. वास न्हाई, कायबी न्हाई. पण आता न्हाई जमत."

मी रिक्षा बोलावतो म्हटलं. त्या नको म्हणाल्या. आत पाहुणे वाट पाहून राहिलेत, तुम्ही जा, मी चालत जाते. मी आत गेलो नाही. त्या रस्त्याच्या कडेकडेनं निघाल्या. समोरून शाळा सुटलेल्या पोरींचा घोळका आला, तेव्हा त्या थांबल्या, भिंतीला लागून उभ्या राहिल्या, पोरी पुढे जाईपर्यंत. मग पुन्हा चालायला लागल्या, कुंडलिका नदीवरच्या पुलाकडे, घराच्या दिशेनं.